सहा शनिवारांचा बाप्तिस्मा-वर्ग: भाचीशेजारी बसून घेतलेला अनुभव

भाचीनं बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, घ्यायचं मनात आणलं तेव्हा वहिनीचा मला फोन आला. "वन्सं, तुम्ही तिच्यासंगं बसा. ते काय शिकवतात, पाण्यात का बुडवतात, सगळं नीट ऐका आणि मग मला सांगा." बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आमचं घराणं तीन पिढ्यांचं प्रेस्बिटेरियन पंथाचं ख्रिस्ती. आमच्यात बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्याच्या कपाळावर पाणी शिंपडतात, आईबाप वचन देतात, आणि पोर मोठं झालं की मंडळीपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतं. माझंही तसंच झालं. भाची मात्र कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर एका छोट्या बाप्टिस्ट मंडळीत जाऊ लागली आणि तिथं म्हणे बाप्तिस्म्याआधी सहा शनिवारांचा वर्ग करावाच लागतो. तो वर्ग मी तिच्याशेजारी बसून पुरा केला. आपल्या मुलानातवंडांना तिकडं पाठवावं का, असा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जागा शोधायला पहिल्या दिवशी त्रास झाला. जयंती नाल्याच्या अंगाला, एका पिठाच्या गिरणीच्या मागं, पत्र्याच्या छपराचा हॉल आहे. पाटी लहान, आणि तीही गिरणीच्या पाटीखाली. रिक्षावाल्याला चर्च सांगून उपयोग नाही, गिरणीच सांगावी लागते. आत शंभर खुर्च्या मावतील. डाव्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक मळकी तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुराची. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. नंतर सगळ्या भिंती रंगवल्या, पण तेवढी एक वीतभर पट्टी त्यांनी न रंगवता ठेवली. त्या पुरात कीबोर्ड, गीतांची पुस्तकं आणि सभासदांची जुनी वही गेली. वही नंतर सगळ्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली.

वर्ग साडेचारला सुरू होतो आणि सहाला संपायचा असतो, संपतो साडेसहाला. फी नाही. अर्पणाची थैली वर्गात फिरवत नाहीत, हे मला आवडलं. आम्ही सातजण होतो: भाची, मी, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा एक तरुण, एक नवराबायको, अकरावीतला एक मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी. मावशींना वाचता येत नाही. पाळकसाहेब आठवडाभर उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब लिहितात. मंडळी त्यांना मानधन देते, पण घर त्यावर चालत नाही. शनिवारी ते थेट कामावरून येत, शर्टाच्या खिशाला पेन तसंच लावलेलं.

पहिला शनिवार इतिहासाचा. मला वाटलं होतं की पाण्यापासूनच सुरुवात होईल. त्यांनी सुरुवात केली राजापासून. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजाच्या चर्चमध्येच जायचं असा कायदा होता. तो न मानणारी काही माणसं ॲमस्टरडॅमला पळाली. त्यांच्यातल्या जॉन स्मिथ या पाळकाला शास्त्र वाचता वाचता पटलं की, ज्याला अजून विश्वास ठेवता येत नाही अशा बाळाचा बाप्तिस्मा तिथं कुठं सांगितलेला नाही. म्हणून १६०९ मध्ये त्यानं आधी स्वतःच्या डोक्यावर पाणी घेतलं आणि मग थॉमस हेल्विस आणि बाकीच्यांना बाप्तिस्मा दिला. फाउंड्रीतल्या तरुणानं लगेच विचारलं, "स्वतःच स्वतःला दिलेला कसा चालतो?" पाळकसाहेबांनी उत्तर टाळलं नाही. स्मिथला स्वतःलाही पुढं ते खटकलं, त्याची वाट बदलली, आणि त्याचे सोबती त्याच्यापासून वेगळे झाले, असं त्यांनी सरळ सांगितलं. आपल्या पंथाच्या पहिल्याच माणसाची चूक पहिल्याच दिवशी सांगणारा शिक्षक मला भरवशाचा वाटला.

हेल्विस १६१२ च्या सुमारास थोड्या लोकांना घेऊन लंडनला परतला आणि स्पिटलफील्ड्समध्ये इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. त्यानं राजाला लिहून कळवलं की, राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, आणि प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही. हे त्यानं फक्त आपल्या लोकांसाठी मागितलं नाही. ज्यू असोत, मुसलमान असोत, कुणाच्याही श्रद्धेबद्दल राजानं शिक्षा करू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्यापायी तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि थोड्याच वर्षांत वारला. इथं पाळकसाहेब वही मिटून म्हणाले, "हा मुद्दा पहिला. पाणी त्याच्या मागून येतं. विश्वास कुणाला जबरदस्तीनं देता येत नाही, आणि कुणाच्या वतीनं दुसऱ्याला घेताही येत नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं, याची खात्री मला तिसऱ्या आठवड्यात पटली. ते प्रत्येकाशी वेगळं बोलतात: तुम्हाला कुणी पाठवलं, घरी माहीत आहे का, काही मिळेल अशी आशा आहे का. अकरावीतल्या मुलाला त्यांनी अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं. फाउंड्रीतल्या तरुणाचं एका मुलीशी लग्न ठरत होतं आणि मुलीच्या घरच्यांनी बाप्तिस्म्याची अट घातली होती. त्यानं ते खरं खरं सांगितलं. पाळकसाहेब त्याला म्हणाले, "वर्ग पुरा कर, उपासनेला ये, जेवायला ये. बाप्तिस्मा आत्ता नाही. तुझं तुला वाटेल तेव्हा." मुलीचे वडील त्याच मंडळीत पुढच्या रांगेत बसतात, तरी हा निर्णय बदलला नाही. तरुण पुढचे तिन्ही शनिवार आला.

दुसरा शनिवार पाण्याचा. सुरुवातीचे बाप्टिस्ट पाणी ओतत असत. बुडवून बाप्तिस्मा लंडनमधल्या मंडळ्यांत १६४१-४२ च्या सुमारास सुरू झाला आणि १६४४ मध्ये तिथल्या सात मंडळ्यांनी आपला विश्वास लिहून काढला तेव्हा त्यात ती रीत घातली. कारण बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय: ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं. म्हणून माणसाला पाठीवर आडवं करून पुरा पाण्याखाली नेतात आणि वर काढतात. त्या पाण्यानं पाप धुतलं जातं, असं ते मानत नाहीत. आत जे आधीच झालंय त्याची ती उघड कबुली, एवढंच. मावशींनी हे ऐकून विचारलं, "म्हंजे लगीन आधी लागलंय, आन् वरात मागनं?" पाळकसाहेब म्हणाले, अगदी तसंच. सहा आठवड्यांत ऐकलेल्या सगळ्या स्पष्टीकरणांत मला हे सर्वांत नेमकं वाटलं.

आता माझी पहिली तक्रार. तिसऱ्या शनिवारी बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी हा विषय होता आणि तो वीस मिनिटांत उरकला. जोडे शिवणारा हा माणूस १७९३ मध्ये बंगालला आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून पुढं सेरामपूरला डेन्मार्कच्या हद्दीत राहून त्यानं काम केलं. तिथला पहिला बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये हुगळी नदीत, कृष्ण पाल या सुताराचा. त्याचा खांदा निखळला होता आणि केरीचे सोबती डॉक्टर थॉमस यांनी तो बसवला, तिथून ओळख झाली. मी चौतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली आहेत. निखळलेला खांदा बसतो त्या क्षणी माणसाचा चेहरा कसा सैल पडतो, ते मी किती वेळा पाहिलंय. ही गोष्ट मला तासभर ऐकायला आवडली असती.

आणि आपल्या भाषेचं काय? केरीनं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण, १८१० मध्ये मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार, हे सगळं सेरामपूरच्या छापखान्यातून निघालं, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. मराठी पुस्तक छापण्याचा आरंभ ज्या थोड्या लोकांनी केला त्यांत एक बाप्टिस्ट होता, आणि कोल्हापुरातल्या बाप्टिस्ट वर्गात ही गोष्ट एका वाक्यात येते! माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांना मोडी वाचता यायची, म्हणून मला हे जास्त लागलं. मी पाळकसाहेबांना तसं सांगितलं. पुढच्या खेपेला त्यावर पूर्ण शनिवार द्यायचं त्यांनी कबूल केलंय.

दुसरी तक्रार टिपणांची. चौदा पानांची झेरॉक्स देतात. अक्षर बारीक, आणि भाषा अशी की बोलताना कुणी तसं बोलत नाही. 'स्थानिक मंडळीची स्वायत्तता' असं एक शीर्षक आहे. ते वाचून दाखवलं तेव्हा मावशींच्या तोंडावर काही उमटलं नाही. मग पाळकसाहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आपल्या मंडळीचा कारभार आपणच बघायचा. वर बिशप नाही, मुंबईतून हुकूम येत नाही." मावशींना लगेच कळलं. जे तोंडानं इतकं सोपं सांगता येतं ते कागदावरही तसंच लिहावं.

चौथा शनिवार माझा होता. विषय बालबाप्तिस्म्याचा. आदल्या रात्री मी ट्रंकेतून माझा बाप्तिस्म्याचा दाखला काढला. निळ्या शाईत माझं नाव, आईवडिलांची नावं, पाळकांची सही. घडीवर कागद फाटलाय, मागून चिकटपट्टी लावली आहे. तो मी वर्गात नेला आणि विचारलं, हा तुमच्या लेखी काय आहे?

मी तयारी करून गेले होते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदियाचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाच्या नायकाचा सगळ्या घरासकट झाला. घराणं म्हटलं की लेकरं आलीच. पाळकसाहेब म्हणाले, नायकाच्या घरातल्या सगळ्यांना आधी वचन सांगितलं आणि सगळ्यांनी आनंद केला, असं तिथं लिहिलंय. तान्ह्या बाळाला ते कसं लागू होईल? मी म्हणाले, लुदियाच्या घराबद्दल तसं लिहिलेलं नाही. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "नाही लिहिलेलं. खरं आहे."

मग मी दुसरी गोष्ट काढली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा आमच्या परंपरेबरोबर उत्तर भारतातले बाप्टिस्टही त्यात आले. तिथं दोन्ही रीती मान्य आहेत. ज्याला बाळपणी द्यायचाय त्यानं द्यावा, ज्याला थांबायचंय त्यानं थांबावं. वडील त्या दिवसाबद्दल फार आनंदानं बोलायचे. ते तिथं जमलं, मग इथं का नाही? पाळकसाहेब म्हणाले, ते बाप्टिस्ट आमचे भाऊ आहेत, त्यांनी त्यांचं ठरवलं. आमच्या मंडळीनं आमचं ठरवलंय. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, या, ते मेज प्रभूचं आहे. सभासद व्हायचं तर मात्र पाण्यात उतरावं लागेल.

मला ते लागलं. घरी येईपर्यंत मी भाचीशी बोलले नाही. ज्या मंडळीनं मला वाढवलं तिचं मूळ १८५२ मध्ये कोल्हापुरात आलेल्या मिशनरी रॉयल वाइल्डरसाहेबांपर्यंत जातं. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयात आमच्या घरातल्या तिघीजणी नर्स झाल्या. तीस-एक वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीत अकरा माणसांनी सुरू झालेल्या मंडळीनं माझा दाखला पुरेसा नाही म्हणावं, हे स्वीकारणं जड गेलं. पण त्यांनी दाखला हातात घेऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला होता, आईचं नावसुद्धा, आणि म्हणाले होते, "तुमच्या आईबापांनी त्या दिवशी जी प्रार्थना केली ती आम्ही खोटी म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की बाप्तिस्मा ज्याचा त्यानं घ्यायचा असतो." मला पटलं नाही. तरीही कुणी माझा मान न ठेवता बोललं, असं मी म्हणणार नाही.

पाचवा शनिवार कारभाराचा आणि सहावा प्रभुभोजनाचा. दोन्ही ठीक, त्यात मला नवीन कमी होतं. प्रत्येक विश्वासणारा याजक आहे, मध्यस्थ लागत नाही. भाकर आणि द्राक्षरस हे स्मरण आहे, त्यांत बदल होत नाही. द्राक्षरस ते विकत आणत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं उकळून करतात आणि बाकी वर्ष तासगावचे मनुके रात्रभर भिजत घालून. मनुक्याचा रस गोड असतो आणि मागं थोडी तुरट चव राहते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो करायची पाळी घराघरांत फिरते.

बाप्तिस्म्याचा रविवार डिसेंबरात आला. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली सिमेंटचा हौद आहे, सात फूट लांब, चार फूट रुंद, आत फरशी, उतरायला चार पायऱ्या. साडेतीन फूट पाणी म्हणजे पावणेतीन हजार लिटर होतं. शनिवारी रात्री बोअरचं भरतात आणि सकाळी ते अंगाला झोंबतं. मुलींसाठी सांगते: पांढरा ड्रेस भिजला की अंगाला चिकटतो, आतून गडद कपडे घाला. बायकांना कपडे बदलायला कोपऱ्यात फक्त पडदा आहे, हे अजिबात पुरेसं नाही. दोन टॉवेल, कोरडी ओढणी आणि थर्मासमध्ये चहा घरून न्या.

भाची दुसरी होती. हौदात उभं राहून तिनं साक्ष दिली, चारच वाक्यांची. त्यातलं एक वाक्य असं: "माझ्या आजोबांचा विश्वास मला ऐकून माहीत होता, आता तो माझा झालाय." वहिनी मागच्या रांगेत बसली होती. भाची पाण्याखाली गेली तेव्हा तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

तिसऱ्या मावशी. वर येताना तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सटकला. दोघा सेवकांनी काखेत धरून सावरलं, लागलं काही नाही. पण त्या गुडघ्यांना आणि त्या वयाला ओल्या फरशीवर पडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या किती म्हाताऱ्या पुन्हा धड चालल्या नाहीत, ते मी पाहिलंय. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं की धरायला दांडी बसल्याशिवाय या हौदात पुन्हा कुणालाही उतरवू नका.

त्यांनी स्वतः हो किंवा नाही म्हटलं नाही. विषय जानेवारीच्या तिमाही सभेत ठेवला. सभासद साठच्या आसपास, त्या दिवशी चाळीस-एक हजर. मला मत द्यायचा अधिकार नाही, पण सभेनं मला बोलायला वेळ दिला. मी मावशींच्या पायरीचं सांगितलं, दांडी किती उंच हवी ते हातानं दाखवलं. एका गृहस्थांनी खर्च काढला, दुसऱ्यांनी आधी छपराची गळती बघू म्हटलं. वीस मिनिटं चर्चा झाली. मग हात वर झाले. पाळकसाहेबांचा एक हात आणि मावशींचा एक हात, दोन्हींची मोजणी सारखीच. वहीत आकडा लिहिला: बाजूनं ३४. मावशींना सभासद होऊन तेव्हा चारच आठवडे झाले होते. पाचव्या शनिवारी कागदावर कळलं नव्हतं ते मला त्या सभेत मागच्या खुर्चीवर बसून कळलं. दांडी उद्यमनगरातून स्टीलच्या पाइपची करून आणली, दोन्ही बाजूंना. पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्याही चिकटवल्या. बायकांच्या खोलीचा विषय पुढच्या सभेत आहे.

वहिनीला मी सांगितलं की पोरीला तिथं कुणी ओढून नेलेलं नाही आणि उद्या ती निघाली तर कुणी अडवणारही नाही. ज्यांना झटपट दाखला हवाय त्यांनी या वर्गाला जाऊ नये. ज्यांना मनातले प्रश्न मोठ्यानं विचारायचे आहेत त्यांनी जावं, आणि टिपणं वाचायला चष्मा न्यावा.

पुढचा वर्ग पावसाळा सरल्यावर, दसरा झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, साडेचारला. चपला डावीकडच्या कप्प्यात. वर्ग संपल्यावर चहा आणि भडंग असतं, थांबा. केरीचा पूर्ण शनिवार यंदा होणार आहे आणि मला वडिलांची मोडीची वही तिथं दाखवायला न्यायची आहे. चौथ्या शनिवारचा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यामुळं दाखलाही त्याच पिशवीत असेल.